नाडी सुटली

पुण्यात नवी ओळख झाली की समोरचा आधी आडनाव विचारतो, मग राहायला कुठे ते विचारतो, आणि माणूस डोंगरवाला निघाला तर तिसरा प्रश्न ठरलेला असतो. "सिंहगड किती मिनिटांत?" चढता का, असं कुणी विचारत नाही. चढत असणारच! फक्त मिनिटं सांगायची. आमच्या ऑफिसातला एक पोरगा "पस्तीस" म्हणतो, तेही घरातल्या एखाद्या दुखण्याबद्दल बोलावं तसं आवाज खाली आणून. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी म्हणालो, "खडकवासल्याला ट्रॅफिक किती आहे त्यावर अवलंबून." तेव्हापासून डबा खाताना माझ्याशी कोणी फिटनेसवर बोलेना. मग मीच ठरवलं, आपलेही काही आकडे असायला हवेत.

पायथ्याच्या आतकरवाडीतून गडावर जाणारी पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर. हे ऐकून मी हसलो होतो. घरापासून मंडई याहून लांब आहे. पण मंडईला जाताना माणूस साधारण 600 मीटर वर चढत नाही. 600 मीटर म्हणजे हिशेबाने 200 मजले. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यासाठी मी सेक्रेटरींना फोन करतो.

तर एका रविवारी उजाडायच्या आत मी पायथ्याला हजर झालो. पायात नवे बूट, मनगटावर नवं घड्याळ. पहिली दहा मिनिटं मी इतका जोरात होतो की दोघा-तिघांना मागे टाकलं. (ते फोटो काढायला थांबले होते, पण मागे टाकणं ते टाकणं.) अकराव्या मिनिटाला लक्षात आलं की श्वास आत जातोय, पण बाहेर येताना शिट्टी वाजतेय.

इथे खरी अडचण चढाची नसते. थांबावं तर कुणाही माणसाला वाटतंच. पण सिंहगडाच्या वाटेवर दम लागला म्हणून थांबणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलेबी मागण्यासारखं आहे. मागायची सगळ्यांनाच असते, पण निमित्त हवं. माझं पहिलं निमित्त फोन. खिशातून काढायचा, कानाला लावायचा आणि गंभीरपणे "हं... हं..." करायचं. रविवारी सकाळी सहा वाजता मला कोण फोन करणार, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पण "हं" म्हणायलाही श्वास लागतो, हे मला तिसऱ्या फोनला कळलं.

मग बुटाची नाडी. हे निमित्त सर्वोत्तम. खाली वाकता येतं, मान खाली असल्याने तोंडाचा आ झालेला दिसत नाही, आणि गाठ नीट बसेना म्हटलं की दोन मिनिटं सहज निघतात. चौथ्यांदा मी नाडी बांधत होतो, तेव्हा एक पांढऱ्या मिशांचे काका शेजारी थांबले.

"काय झालं?"

"काही नाही हो," मी धापा टाकत म्हणालो, "नाडी सुटली."

काका निघाले वैद्य. त्यांनी काठी काखेत मारली, माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. आसपासची चार माणसं थबकली. बुटाची, बुटाची, असं मी सांगायचा प्रयत्न करत होतो, पण एका श्वासात तेवढं वाक्य बसेना. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सुटली नाहीये. पण सुटायच्या बेतात आहे." आणि निघून गेले. वय सत्तरीपुढचं असेल. तीन वळणं पुढे गेले तरी त्यांची काठी आपटल्याचा आवाज ऐकू येत होता, तो काही केल्या जवळ येईना.

त्यानंतर कोण पुढे जातंय हे बघायचं नाही, असं मी ठरवलं. पण ते दिसतंच. एक आई लेकराला पाठुंगळी घेऊन गेली. त्या लेकराने मला टाटा केला. मग एक मुलगा भलीमोठी सॅक घेऊन आला. मी बाजू देत विचारलं, "मुक्काम का?" म्हणाला, "नाही, सॅकेत वाळू आहे." सरावासाठी! पुण्यातले गिर्यारोहक हिमालयात जायच्या आधी असंच वजन पाठीवर घेऊन हा गड चढतात म्हणे. 2012 साली पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे आठ जण एव्हरेस्टवर जाऊन आले, त्यामुळे वाळूची टिंगल करण्यात अर्थ नव्हता. पण माझ्या सॅकेत दोन केळी आणि एक नॅपकिन होता, आणि त्यातलं एक केळं मी वजन कमी करायला केव्हाच खाल्लं होतं.

उतरणाऱ्या लोकांना "अजून किती?" विचारू नये, हा अनुभवाचा सल्ला. पहिल्याने सांगितलं, "आलंच, पंधरा मिनिटं." वीस मिनिटांनी दुसऱ्याने सांगितलं, "आलंच, वीस मिनिटं." तिसऱ्याला मी विचारलंच नाही, तरी माझा चेहरा बघून तो आपणहून म्हणाला, "आलं, आलं." आजारी माणसाला डॉक्टर आलेत म्हणून सांगतात ना, तसा आवाज.

पुढे एका झोपडीपाशी ताकवाल्या मावशी बसल्या होत्या. शेजारी दह्याची मडकी, बर्फात ताकाची किटली, काकड्यांचा ढीग. हे सगळं खालून डोक्यावर आणून, मांडून, त्यांचा चहासुद्धा झाला होता. मी कमरेवर हात ठेवून दरीकडे बघत उभा राहिलो. हे माझं राखीव निमित्त होतं. निसर्ग.

"दम लागला का दादा? बसा की."

"नाही मावशी, धरण बघतोय. खडकवासला काय सुंदर दिसतो इथून."

मावशींनी ग्लासात ताक ओतलं, मीठ टाकलं आणि म्हणाल्या, "धरण मागच्या अंगाला हाय. तुमी बघताय तो आमचा जनावरांचा गोठा."

मी दोन ग्लास ताक प्यायलो. त्यांनी तिसरा फुकट दिला.

शेवटी पुणे दरवाजा आला. मी कमानीला हात लावला, डोळे भरून आले, आणि पुढे पाहिलं तर दुसरा दरवाजा. तोही ओलांडला. पुढे तिसरा. बांधणाऱ्यांनी शत्रूची दमछाक किती बारकाईने योजली होती, हे मला पाठ्यपुस्तकाने कधी कळलं नव्हतं ते गुडघ्यांनी समजावलं. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे रात्रीच्या अंधारात वाट सोडून कडा चढून आले, आणि वर पोचल्यावर पुढे लढाई होती. माझ्यापुढे फक्त पिठलं-भाकरी होती, तरी मी दहा मिनिटं तिसऱ्या दरवाजाच्या सावलीत तहाचा विचार करत बसलो.

वर घाटरस्त्याने गाडीतून आलेली मंडळी जमली होती. इस्त्रीचे कपडे, केसांत गजरे, अंगाला अत्तराचा वास. त्यांतल्या एकाने आळस देत बायकोला म्हटलं, "काय थकायला झालं गं." मी त्याच्याकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकला. कांदाभजीच्या रांगेतही तो माझ्या पुढेच होता.

भजी येईपर्यंत घड्याळ पाहिलं. एकूण वेळ 1 तास 47 मिनिटं. अगदीच लाज वाटावी असा आकडा. पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. प्रत्यक्ष चालण्याचा वेळ, 54 मिनिटं. म्हणजे मी जेवढा वेळ फोनवर, नाडीत, ताकात आणि गोठ्याच्या दर्शनात घालवला, तो सगळा घड्याळाने मोठ्या मनाने सोडून दिला होता. आमच्या सोसायटीच्या हिशेबनिसालासुद्धा इतकं कसब नाही.

सोमवारी डबा उघडता उघडता मी सहज म्हणालो, "काल सिंहगडला गेलो होतो. चोपन्न लागली." आवाज मुद्दाम खाली आणला होता. टेबलावर शांतता पसरली. पस्तीसवाल्याने पोळीचा घास हातातच ठेवला. "पहिल्याच वेळेला चोपन्न? सर, मानलं! या रविवारी मीपण येतो बरोबर. तुमचा वेग बघायचाय."

नको म्हणायला निमित्त हवं होतं, पण माझी सगळी निमित्तं गडावरच संपलेली.

काल संध्याकाळी लक्ष्मी रोडला बुटांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कौतुकाने बिननाडीचे बूट पुढे केले, नुसता पाय सरकवायचा, एकदा घातले की सुटायचा प्रश्नच नाही म्हणाला. मी ते परत दिले. म्हटलं, नाडीवालेच दाखवा. नाडी लांब हवी, आणि जरा गुळगुळीत असेल तर बघा.