ते 50 हजार मिळाले कुणाला?

नागपुरात मानेवाड्याला माझ्या मावशीच्या घरामागे एक खोली आहे, दोन महिन्यांपासून रिकामी. मागच्या आठवड्यात भाडेकरू ठरला. सुतारकाम करणारा, पस्तिशीचा माणूस. खोली पाहायला आला तेव्हा पावसानं फुगलेलं दार चौकटीत अडकत होतं. त्यानं थैलीतून रंधा काढला, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, वरची कड तासली आणि पुन्हा बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. जाताना स्वतःच म्हणाला, "काकू, बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. तीन वर्षं अंदर होतो. केसमधून निर्दोष सुटलो." मावशी म्हणाली, ठीक आहे. दोन हजार ॲडव्हान्सही घेतला.

तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर तो मेसेज आला. चौथ्या दिवशी तिनं त्याचे पैसे परत केले.

तुमच्याकडेही आला असेल. "सावधान! जेलमधून सुटलेल्यांना घर देऊ नका, कामावर ठेवू नका" अशी सुरुवात, खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. मावशीनं मलाही पाठवला, वर लिहून, "वाचून घे बाप्पा, काही खोटं नाही याच्यात." वाचला.

सगळ्यात भारी मुद्दा दुसरा. "प्रत्येक कैद्याला सुटताना सरकार 50 हजार रुपये देते, तुमच्या-आमच्या टॅक्समधून." हा आकडा आला कुठून, ते मी सांगतो. 1 मे 2022 ला येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' नावाची योजना सुरू झाली. पैसे महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे, रक्कम 50 हजारांपर्यंत, आणि ते कर्ज आहे. कर्ज! 7 टक्के व्याजाचं. सुटताना मिळत नाही, शिक्षा भोगत असताना मिळतं. घरची गरज, वकिलाची फी यासाठी. आणि फेडायचं कशातून? आतल्या मजुरीतून. ही मजुरी 2023 मध्ये वाढवली, तेव्हा कुशल कामाला दिवसाला 74 रुपये झाले. महिन्यात 25 दिवस काम मिळालं तरी दोन हजारही होत नाहीत. सगळीच्या सगळी मजुरी हप्त्यात घातली तरी मुद्दल फिटायला सव्वादोन वर्षं, व्याज वेगळं. मेसेज लिहिणाऱ्यानं 'कर्ज' हा एक शब्द गाळला आणि 'सुटताना' हा एक घातला. एवढी कारागिरी!

आता मान्य करायचं ते करतो. सरकारी मदत अजिबात नाही असं नाही. महिला व बालविकास खात्याची मुक्तबंद्यांसाठी अर्थसहाय्याची योजना आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, कागद जोडावे लागतात. केंद्राचीही 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25 हजारांपर्यंत अशी मर्यादा होती. पण ती रक्कम कोर्टात भरली जाते, माणसाच्या हातात पडत नाही. आणि ती काढावी लागली याचाच अर्थ, जमानत मंजूर होऊनही पैशावाचून आत बसलेली माणसं आहेत.

पहिला मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण मावशीनं खोली नाकारली ती त्यावरून. "बिना आगीचा धूर निघत नाही. आत कुणी उगाच जात नाही."

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा अहवाल सरकारचाच आहे. त्या वर्षाअखेर देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण असे, की ज्यांचा खटला संपलेलाच नाही. पेशीची तारीख, मग पुढची तारीख. सगळे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. पण 'आत होता' म्हणजे 'गुन्हेगार होता' हा हिशेब चारातल्या तिघांना लावताच येत नाही.

आणि शिक्षा झाली म्हणजे तरी नक्की का? भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2003 च्या एका प्रकरणात अटक झाली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठरवली. 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. हे आपल्याच महाराष्ट्रातलं प्रकरण. उद्या त्यांच्यातला कुणी मावशीच्या दारात खोली मागायला आला, तर धूर कुठला आणि आग कुठली?

तिसरा मुद्दा आतल्या बिर्याणीचा आणि पगाराचा. पगार वर सांगितला. बिर्याणीचं मेसेजवाल्यानंच जाऊन पाहून यावं.

चौथा, अशा लोकांना मदत करणाऱ्या संस्था परदेशी पैशावर चालतात म्हणे. या कामातलं जुनं नाव म्हणजे 'प्रयास'. 1990 पासूनचा तो टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम आहे. पुढे?

पाचवा, "हे लोक पुन्हा तेच करतात." काही करतात. खोटं कशाला बोलू, आमच्याच वस्तीतला एक पोट्टा तीनदा आत-बाहेर झाला. पण दर वेळी बाहेर आल्यावर त्याच्यासाठी चहा सांगायला कोण असायचं, तेही मी पाहिलं आहे. जुनीच टोळी. खोली तेच द्यायचे, खर्राही तेच खिलवायचे. वर्धा रोडवरच्या जेलच्या फाटकातून माणूस कपड्यांची पिशवी घेऊन निघतो. सिम बंद पडलेलं, बँकेचं खातं निष्क्रिय, आधारवर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता. नवीन पत्त्यासाठी भाडेकरार हवा, आणि भाडेकरारासाठी मावशी हवी.

याच्या उलट करून पाहिलेलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. औंध संस्थानानं 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नाही, कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. ती वसाहत संस्थान गेल्यावरही टिकली.

भीती वाटते, तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. ती प्रत्येकाचीच द्यायची असते, बँकेतल्या साहेबाचीही.

काल मावशीकडे गेलो होतो. हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती मागच्या खोलीचं दार एका बोटानं लावत, उघडत ऐकत होती. म्हटलं, त्याचा नंबर आहे काय?

"आहे ना. पण आता कोणत्या तोंडानं लावू?"