मधली वर्षं काय केलंत म्हणे!

सकाळी आमच्या बी.एड.च्या ग्रुपवर एका शाळेची जाहिरात आली. गणित-विज्ञानासाठी शिक्षिका पाहिजे, बी.एस्सी. बी.एड., वय 35 च्या आत, ‘उत्साही’ उमेदवारास प्राधान्य. माझं डोकंच फिरलं. 35 नंतर उत्साह आटतो असं कुणी सांगितलं यांना? कुकर गॅसवर आहे, शिट्ट्या होऊ देत, आज लिहूनच उठणार.

बी.एड.ला प्रवेश घेताना कुणी वय विचारलं नव्हतं. सीईटी द्या, फी भरा, या बसा! दोन वर्षं पाठ टाचणं लिहिली, रात्री जागून तक्ते रंगवले, सूक्ष्म पाठ घेतले, आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, रोज वडापच्या जीपनं मिरजेला गेले. फी घेताना चाळिशी कुणाला दिसत नाही. पगार द्यायची वेळ आली की सगळ्यांना चष्मे लागतात.

मागच्या महिन्यात एका नावाजलेल्या सेमी-इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेले होते. आधी डेमो. सहावीचा वर्ग, अपूर्णांक. विचारलं, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? मागच्या बाकावरचा एकजण ठामपणे म्हणाला, “टीचर, एक अष्टमांश मोठा. चारापेक्षा आठ मोठे ना!” मी फळ्यावर एक भाकरी काढली. म्हटलं, ही एकच भाकरी आहे, भूक सडकून लागलीय, तू चौघांच्या पंगतीत बसणार की आठांच्या? तो क्षणभर भाकरीकडे बघत राहिला आणि ओरडला, “चौघांच्या!” अख्खा वर्ग हसला, तोही हसला. त्याला कळलं होतं हो. चेहऱ्यावर दिसतं ते.

मग ऑफिसात बोलावलं. माझ्या भाचीच्या वयाची मॅडम. पहिला प्रश्न, “मधली वर्षं काय केलंत?”

काय केलं? सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेलं. दोन मुलांच्या दहाव्या-बाराव्या काढल्या. यांच्या दुकानाचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न मीच बघते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या. सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, “म्हणजे अनुभव नाही.” आणि फॉर्मवर ‘गॅप’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पुढचा प्रश्न तर कहर. “आमच्या को-ऑर्डिनेटर तुमच्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत, त्यांचं ऐकून घ्यायला जमेल ना?” अगं बाई, सासू, नणंद, नवरा, पोरं आणि गॅसवाला, सगळ्यांचं ऐकूनच इथवर आलेय. तुझी को-ऑर्डिनेटर काय जड आहे! (बोलले नाही. “हो मॅडम” म्हणाले.)

आता कुणीतरी म्हणणारच, खासगीच्या नादी कशाला लागता, सरकारी बघा. बघितलं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास आहे मी. 2021 पासून त्या प्रमाणपत्राला आजन्म मुदत दिलीय. पण सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षकभरतीला वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. मी दोन्हीच्या पुढे. निवृत्ती 58 ला, म्हणजे अजून चांगली चौदा वर्षं शिकवू शकते. पण नाही. पात्रता मरेपर्यंत, नोकरी मात्र नाही.

मान्य, खेळाच्या तासाला मी पोरांमागे धावणार नाही. स्मार्टबोर्डही जरा उशिरानेच हाताला बसला. बरं मग? गणित धावून शिकवतात का?

आणि हेही खरं की तरुण पोरींचे हाल माझ्याहून वाईट आहेत. माझ्या वर्गातल्या मुली पहिल्या दिवशी मला काकू म्हणायच्या, दिवाळीपर्यंत ताई झाले. माझा पीपीटी करून द्यायच्या, डब्यातलं थालीपीठ हक्कानं पळवायच्या. त्यातल्याच एकीला त्या शाळेनं घेतलं, माझ्याच जागेवर. परवा रात्री तिचा फोन आला. दिवसभर तास, वर बसची ड्यूटी, घरी आल्यावर पेपर आणि हातात दहा हजार. रडत होती. तिच्यावर कसला राग धरू? उलट मलाच भरून आलं. या शाळांना उत्साह बित्साह काही नको असतो. पटकन नाही म्हणू न शकणारं माणूस हवं असतं. माझ्या वयाची बाई पगाराचं आधी विचारते, तिथंच बिनसतं.

आणि हीच मंडळी 3 जानेवारीला प्रवेशद्वारावर सावित्रीबाईंचा फोटो लावून रांगोळी काढणार, पोरींना नऊवारी नेसवणार, बाईनं शिकावं यावर तासभर भाषण ठोकणार. शिकले ना मी! आता पुढे?

मला राहून राहून तो भाकरीवाला पोरगाच आठवतो. त्याला पुढं लसावि कुणी शिकवला असेल? त्या मॅडमनी मला फोन केला नाही याचं एवढं नाही, पण डेमोचा एक शब्द काढला नाही. वर्गात मागे बसून मोबाइल बघत होत्या.

असो. कुकर उतरवला, भात थोडा लागलाय.

तर मंडळी, सांगली, मिरज, कुपवाड, अगदी जयसिंगपूरपर्यंत कुणाच्या शाळेत पाचवी ते आठवी गणित-विज्ञानाची जागा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. डेमो कधीही देते, आधी न सांगता कुठलाही धडा द्या. फक्त खात्यात पूर्ण पगार टाकून अर्धा रोख परत मागणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. तशा एका ठिकाणी जाऊन आलेय.