काडीवरची बाई
गुन्ह्यांच्या तपासाबद्दलच्या एका लेखात वाचलेलं 'डीएनए कधी खोटं बोलत नाही' हे वाक्य खटकलं. जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये २००७ साली एका तरुण महिला पोलिसाचा गोळी घालून खून झाला. तिच्या गाडीवर सापडलेला कुणा अनोळखी बाईचा डीएनए म्हणे जुन्या खुनांत अन् घरफोड्यांतही होता! ३ लाख युरोंचं बक्षीस, आणि पोलीस दोन वर्षं त्या बाईच्या मागावर. २००९ मध्ये एका पुरुषाच्या कागदांवरच्या बोटांच्या ठशांतूनही त्याच बाईचा डीएनए निघाला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांनाच कारखान्यातल्या कामगार बाईचा हात लागलेला! काड्या निर्जंतुक होत्या हो, पण त्याने जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो. त्या महिला पोलिसाच्या खुनामागची निओ-नाझी (हिटलरचे विचार मानणारी) टोळी उघडी पडली ती थेट २०११ मध्ये.