एव्हरेस्ट हे आधी एक आडनाव आहे : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मे महिना आला आणि गिर्यारोहणाच्या बातम्या सुरू झाल्या, की मराठी व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे : जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याने राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा शोध चोरला आणि जगातल्या सर्वोच्च शिखराला स्वतःचे नाव देऊन टाकले, ‘एव्हरेस्ट’ या शब्दाचा अर्थ ‘कायमची विश्रांती’, जगात या नावाची जी माणसे आणि गावे आढळतात, ती एक तर त्या अधिकाऱ्याच्या घराण्याची आहेत, नाही तर शिखराच्या पुण्याईवर मोठी झालेली आहेत, म्हणून शिखराचे नाव बदलून ते सिकदारांचे द्यावे.

या संदेशामागची भावना मला परकी नाही. सिकदारांवर अन्याय झाला, हे मीही मानतो. परंतु तो अन्याय केव्हा झाला आणि कोणाकडून झाला, हे या संदेशात साफ चुकलेले आहे. त्याहून वाईट म्हणजे एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाची सगळी माणसे त्यात एकाच अपराधाच्या खात्यावर टाकली गेली आहेत. म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासतो.

पहिले विधान नावाच्या अर्थाचे आहे. ‘एव्हर’ आणि ‘रेस्ट’ असे दोन इंग्रजी शब्द जोडून हे आडनाव बनले, ही समजूत केवळ आजच्या स्पेलिंगवरून निघालेली आहे. आडनावांचा अभ्यास करणारे या आडनावाचे मूळ फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातल्या एव्ह्रू या गावाशी जोडतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिकडची माणसे इंग्लंडात स्थायिक झाली आणि गावाचे नाव त्यांना आडनाव म्हणून चिकटले. त्याच गावावरून ‘एव्ह्रूचा’ अशा अर्थाने आलेले डेव्हरू हे आडनाव इंग्लंडच्या इतिहासात अधिक परिचित आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला आणि १६०१ मध्ये शिरच्छेद झालेला एसेक्सचा अर्ल हा डेव्हरूच होता. पुणेकर, सातारकर, नगरकर अशी आडनावे रोज उच्चारणाऱ्या आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण एव्हरेस्ट म्हणजे मुळात ‘एव्ह्रूकर’. पुढे शेकडो वर्षे हे आडनाव मुख्यतः केंट, ससेक्स, सरे अशा इंग्लंडच्या आग्नेय भागात टिकून राहिले. त्याचा घरचा उच्चारही आपण करतो तो नव्हे. जॉर्ज एव्हरेस्ट स्वतःचे आडनाव ‘ईव्ह-रिस्ट’ असे, पहिले अक्षर दीर्घ ठेवून उच्चारत असत. म्हणजे ज्या उच्चारावरून हा ‘कायमच्या विश्रांती’चा अर्थ काढला जातो, तो उच्चारही त्यांचा नव्हता.

दुसरे विधान असे, की जॉर्ज एव्हरेस्ट यांनी शिखर शोधले किंवा बळकावले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. येथे तारखा पाहिल्या तरी पुरेसे आहे. १७९० मध्ये जन्मलेले एव्हरेस्ट १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. १८१८ मध्ये ते भारताच्या महासर्वेक्षणाचे, म्हणजे देशभराच्या जमीनमोजणीचे, प्रमुख विल्यम लॅम्ब्टन यांचे मुख्य साहाय्यक झाले, १८३० मध्ये सर्व्हेअर जनरल झाले आणि १८४३ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. ज्या शिखराला आज त्यांचे नाव आहे, ते त्यांच्या उत्तराधिकाऱ्याने, अँड्र्यू वॉ यांनी, नोव्हेंबर १८४७ मध्ये सुमारे १४० मैलांवरून कांचनगंगेच्या पलीकडे पाहिले. नेपाळमध्ये इंग्रज सर्वेक्षकांना प्रवेश नसल्यामुळे पुढची निरीक्षणे तराईच्या मैदानातून करावी लागली. ती १८४९-५० मध्ये जेम्स निकोल्सन यांनी घेतली आणि त्यांचे सर्वांत जवळचे ठाणेही शिखरापासून सुमारे १७४ किलोमीटर दूर होते. पुढे मलेरियाने निकोल्सन यांना काम सोडून मायदेशी परतावे लागले. शिखराला तोवर ‘पंधरावे शिखर’ एवढाच क्रमांक होता. मार्च १८५६ मध्ये वॉ यांनी त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे कळवले आणि आपल्या निवृत्त वरिष्ठांचे नाव त्याला सुचवले. त्या वेळी जॉर्ज एव्हरेस्ट यांना हिंदुस्थान सोडून तेरा वर्षे झाली होती.

वॉ यांच्या पत्रातला युक्तिवाद येथे महत्त्वाचा आहे. कोणत्याही भौगोलिक स्थळाला तिथलेच स्थानिक नाव द्यावे, हे आपण आपले पूर्वसूरी एव्हरेस्ट यांच्याकडूनच शिकलो, असे ते सांगतात, आणि लगेच पुढे म्हणतात, की या शिखराचे कोणतेही स्थानिक नाव आम्हाला सापडत नाही. म्हणजे गुरूचा नियम मोडण्यासाठी त्यांनी गुरूचेच नाव वापरले. स्थानिक नाव नव्हते, हेही खरे नव्हते. तिबेटी लोक शिखराला चोमोलुंग्मा म्हणत आणि १८ व्या शतकातल्या फ्रेंच नकाशात ते नाव मोडक्या स्पेलिंगमध्ये का होईना, छापलेले आहे. खुद्द एव्हरेस्ट यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत या प्रस्तावाला हरकत घेतली. आपले नाव हिंदी किंवा फारसी लिपीत लिहिता येणार नाही आणि हिंदुस्थानातल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लिहिता येणार नाही हा त्यांचा अंदाज चुकला. मराठीने ‘व्ह’ हे जोडाक्षर हाताशी ठेवून ते नाव सहज पचवले. उच्चाराबाबत मात्र ते बरोबर ठरले, कारण आपण तर सोडाच, इंग्रजही आज ‘ईव्ह-रिस्ट’ म्हणत नाहीत. त्यांची हरकत बाजूला ठेवून सोसायटीने १८६५ मध्ये नाव कायम केले आणि पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १८६६ रोजी, एव्हरेस्ट वारले.

मग त्यांचे स्वतःचे काम कोणते? ज्या लॅम्ब्टन यांनी दक्षिणेतून भारताच्या महासर्वेक्षणाला सुरुवात केली, ते जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे, कामावर असतानाच वारले आणि त्यांची कबरही तेथेच आहे. त्यांच्या हातचे काम एव्हरेस्ट यांनी उचलले आणि कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची, सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची, मोजणीसाठी आखलेल्या त्रिकोणांची साखळी पूर्ण केली. पृथ्वी पूर्ण गोल नाही. ती ध्रुवांकडे किती चपटी आहे, हे ठरवल्याशिवाय दूरच्या शिखराची उंची मोजता येत नाही, आणि एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीच्या आकाराचा हिशेब, ज्याला ‘एव्हरेस्ट स्फेरॉइड’ म्हणतात, तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांना दीडशेहून अधिक वर्षे आधार देत होता. माझ्या मते या आडनावाचे भारतातले खरे स्मारक हेच आहे. मसुरीजवळ हाथीपाव येथे त्यांचे घर आहे आणि पर्यटक तिकडे जातात. पण जुन्या टोपोशीटवरचा, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या तपशीलवार नकाशावरचा, प्रत्येक बिंदू ज्या गणितावर उभा आहे, ते कोणाला दिसत नाही.

तिसरे विधान सिकदारांचे आहे, आणि ते मी सर्वांत काळजीपूर्वक तपासतो. राधानाथ सिकदार १८१३ मध्ये कलकत्त्यात जन्मले, हिंदू कॉलेजात शिकले आणि १८३१ मध्ये गणक म्हणून सर्वेक्षणात दाखल झाले. त्यांना निवडणारे आणि त्यांच्या गणिताची मनापासून कदर करणारे वरिष्ठ एव्हरेस्टच होते. पुढे सिकदार मुख्य गणक झाले. पंधराव्या शिखराच्या कच्च्या निरीक्षणांतून सरासरी उंची ३०,२०० फुटांच्या आसपास येत होती, परंतु हवेतून इतक्या दूर येणारा प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा उंच भासते. हे अपवर्तन, तापमान, हवेचा दाब आणि पृथ्वीची वक्रता यांचे हिशेब लावून मगच २९,००२ हा आकडा हाती आला. या हिशेबाच्या पद्धती घडवण्यात सिकदारांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट मी ठामपणे सांगतो. मात्र १८५२ मधला एक प्रसंग नेहमी रंगवून सांगितला जातो, ज्यात सिकदार धावत साहेबांच्या खोलीत शिरतात आणि सर्वोच्च शिखर सापडल्याचे जाहीर करतात. ती कथा बऱ्याच काळानंतर रचली गेली आहे. त्या वेळी सिकदार कलकत्त्यात होते आणि वॉ डेहराडूनला. शोध निरीक्षक, यंत्रवाहक आणि गणक अशा अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा होता.

चोरी म्हणायचीच असेल, तर तिचा पुरावा दुसरीकडे आहे. सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत हस्तपुस्तिकेच्या १८५१ च्या आवृत्तीत, तांत्रिक प्रकरणे सिकदारांनी लिहिल्याची ऋणनोंद प्रस्तावनेत होती. सिकदार १८७० मध्ये वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून ती प्रस्तावना गाळण्यात आली. मजकूर राहिला, लेखक गेला. त्या काळच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने याला मृताची लूट म्हटले होते, म्हणजे तेव्हाही हे सर्वांना मुकाट मान्य झाले नव्हते. जॉर्ज एव्हरेस्ट यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. सिकदारांचा स्वाभिमान दाखवणारी आणखी एक घटना १८४३ मधली आहे : डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीला धरले, तेव्हा सिकदारांनी उघड विरोध केला आणि २०० रुपये दंड सोसला. हा माणूस इतका मोठा होता, की त्याच्यासाठी खोटी कथा रचण्याची गरज नाही.

चौथे विधान सर्व एव्हरेस्टांना एका माळेत ओवणारे आहे. जॉर्ज यांच्या जवळच्या नात्यातले ठळक नाव त्यांची पुतणी मेरी एव्हरेस्ट बूल यांचे. त्या गणित शिकवण्याच्या पद्धतीवर लिहीत, त्यांचे पती जॉर्ज बूल यांच्या तर्कगणितावर आजचे संगणक चालतात, आणि त्यांच्या पाच मुलींपैकी ॲलिशिया यांनी चार मितींच्या भूमितीत, तर ल्युसी यांनी रसायनशास्त्रात नाव कमावले. मेरी यांनी १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात आपल्या काकांवरील भारतीय विचाराच्या प्रभावाविषयी लिहिले. हे घराणे शिखराच्या नावाने मोठे झाले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्यायाचे आहे.

अमेरिकेतले एव्हरेस्ट तर या घराण्यापासून फार दूरचे. हायरम एव्हरेस्ट यांनी १८६६ मध्ये रॉचेस्टर येथे व्हॅक्यूम ऑइल कंपनी काढली, जिचा वारसा पुढे मोबिलकडे गेला. कॅन्सस राज्यात एव्हरेस्ट नावाचे एक गाव आहे. ते १८८२ मध्ये वसले आणि त्याला रेल्वेशी संबंधित असलेल्या कर्नल एअरन एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. त्या सपाट मुलखात हिमालयाची आठवण होण्याचे कारण नाही. वैमानिक फ्रँक एव्हरेस्ट यांनी जुलै १९५६ मध्ये एक्स-२ विमान ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने नेले.

आणि एक वेस्ली एव्हरेस्ट. लाकूडतोड कामगार, पहिल्या महायुद्धात सैन्यात राहिलेला, कामगार संघटनेचा सदस्य. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट्रालिया गावात, युद्धविरामदिनाच्या मिरवणुकीच्या वेळी संघटनेच्या सभागृहाजवळ गोळीबार झाला आणि त्या दिवशी मिरवणुकीतले चार जण मारले गेले. त्याच रात्री जमावाने वेस्लीला तुरुंगातून ओढून काढले आणि चेहालिस नदीच्या पुलावरून फाशी दिली. पकडले तेव्हा जमावाला तो संघटनेचा चिटणीस वाटत होता, म्हणजे आपण कोणाला धरले आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. या माणसाला कोणत्या शिखराने मोठे केले?

शेवटी नाव बदलण्याची मागणी. शिखराला नवे नाव हवे, असे म्हणताना आपण विसरतो, की त्याला जुनी नावे आहेतच. तिबेटी चोमोलुंग्मा आहे आणि नेपाळमध्ये इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी २० व्या शतकात पुढे आणलेले सगरमाथा हे नाव आज अधिकृत आहे. शिखर नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर आहे. तिथे राहणाऱ्यांना न विचारता कलकत्त्याच्या एका माणसाचे नाव त्यावर ठेवणे म्हणजे वॉ यांनी १८५६ मध्ये जे केले तेच पुन्हा करणे होईल. सिकदारांसाठी मागायचे असेल, तर १८७५ मध्ये गाळलेली ती प्रस्तावना परत मागावी. सर्वेक्षणाचा इतिहास जिथे छापला जाईल, तिथे त्या प्रकरणांखाली त्यांचे नाव पुन्हा छापले जावे.