टक्केवारी म्हणजे निकाल नव्हे

वाङ्मयचौर्य तपासण्यावरच्या लेखातलं ‘इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या आत असलं की शोधनिबंध स्वच्छ’ हे विधान पटलं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत तेवढ्याला शिक्षा नाही, हे खरं. पण आयथेंटिकेटसारखं सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. संदर्भसूचीमुळेही आकडा फुगतो, आणि इंग्रजी लेख मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपवला तर तो शून्याजवळ येऊ शकतो! माझ्याकडे परीक्षणाला असाच एक निबंध आला होता. मूळ लेख मी वाचलेला होता, म्हणूनच चोरी कळली. तक्ते तेच, युक्तिवादाचा क्रमही तोच. संपादकांनी आधी लेखकाकडून खुलासा मागवला (प्रकाशन-नीतीवर काम करणारी ‘कोप’ ही संस्थाही हेच सुचवते), मग निबंध नाकारला. ज्याने मूळ तक्त्यांसाठी राबून आकडे गोळा केले, त्याचं नाव कुठेच नव्हतं. याचा मला आजही संताप येतो.