तैपेईला 'एक दिवस' देणाऱ्यांनो, जरा ऐका

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका टूरवाल्यांचं पत्रक आलं. एका मैत्रिणीने टाकलं होतं, "आईबाबांना पाठवतेय, कसं वाटतंय बघा." तैवानची सहल. त्यात राजधानी तैपेईच्या वाट्याला एक दिवस. सकाळी चियांग कै-शेक स्मारक, मग राजवाडा संग्रहालय, मग तैपेई १०१, संध्याकाळी शिलिनचं नाइट मार्केट, आणि निम्म्या नावांपुढे 'फोटो स्टॉप'. त्याखाली एकाने लिहिलं, "एक दिवसही जास्तच आहे. शहर म्हणजे शहर, बिल्डिंगा आणि ट्रॅफिक." पटापट अंगठे पडले.

माझं डोकं तेव्हापासून तडकलंय. ग्रुपवर भांडले तर दिवाळीपर्यंत पुरेल, म्हणून इथे लिहितेय.

संग्रहालय बघा, मी नको म्हणत नाही. ती जेडमधून कोरलेली कोबी हाताच्या पंजाएवढीच आहे, पण तिच्यापुढून पाय निघत नाही. १०१ बघा. ५०८ मीटर उंच इमारत, बुर्ज खलिफा होईपर्यंत जगात सर्वांत उंच होती, छान आहे. पण तैपेई म्हणजे एवढंच असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कारण मला ते शहर आवडलं ते कचऱ्याच्या गाडीपाशी.

दा-आन भागातल्या एका गल्लीत मी खोली घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी खिडकीतून बीथोवनची 'फ्यूर एलिझ' ऐकू आली, लाउडस्पीकरवर, जरा किरटी. वाकून बघते तर गल्लीतली दारं उघडतायत, घरातल्या कपड्यांतच माणसं बाहेर पडतायत, प्रत्येकाच्या हातात पिशव्या. मी जिना उतरून दारात उभी राहिले. समोरच्या घरातून एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या असतील. त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि त्यातली एक पिशवी सरळ माझ्या हातात दिली. हसल्या नाहीत, विचारलं नाही. कोपऱ्याकडे मान उडवली, म्हणजे चल.

कोपऱ्यावर अख्खी गल्ली जमलेली. ऑफिसातून नुकताच आलेला एक माणूस, शाळेच्या गणवेशातली मुलगी, कडेवर बाळ घेतलेली एक आई. गप्पा चालू होत्या. मग तीच धून वाजवत पिवळी गाडी आली, तिच्यामागे रिसायकलिंगची. कचरा एकीत, बाटल्या-कागद दुसरीत. खरकटं बादलीत, त्यातही कच्ची सालं वेगळी आणि शिजलेलं वेगळं. जो तो आपल्या हाताने टाकत होता. पाच-सात मिनिटांत कोपरा रिकामा आणि स्वच्छ, जमिनीवर कपटासुद्धा नाही.

यामागे साधा नियम आहे. कचरा जमिनीवर ठेवायचाच नाही, गाडी आली की थेट गाडीत टाकायचा. २००० सालापासून तैपेईत साधा कचरा पालिकेच्या ठरलेल्या पिशवीतच टाकावा लागतो. कचरा उचलण्याचा पैसा त्या पिशवीच्या किमतीतच घेतलेला असतो, म्हणजे जितका कचरा जास्त तितक्या पिशव्या जास्त. वर्गीकरण मात्र फुकट, म्हणून सगळे निगुतीने करतात. शहराला स्वच्छता हवी होती, आणि त्यातून गल्लीतल्या माणसांची जवळपास रोज संध्याकाळी गाठ पडायला लागली.

आणि मला त्या आजींनी काम दिलं हो! परदेशात गेल्यावर आपल्याला सगळे सेवा देतात. खोली देतात, जेवण देतात, नकाशा देतात. काम कुणी देत नाही. ती पिशवी धरून मी कोपऱ्यावर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण इथे आहोत. हे कुठल्या फोटो स्टॉपवर मिळतं ते सांगा मला.

दुसऱ्या दिवसापासून मी धून ऐकली की खाली. आजी पिशवी द्यायच्याच. आमची एकही भाषा जुळत नव्हती, पण सकाळी नाश्ता कुठे करायचा हे त्यांनीच हाताने दाखवलं: गल्लीच्या तोंडाशी, पहाटेपासून उघडं असलेलं सोयाबीनच्या दुधाचं दुकान. गरम, गोडसर दूध वाडग्यात, सोबत हातभर लांब तळलेलं पोकळ, कुरकुरीत यौथ्याव. ते दुधात बुडवायचं आणि मऊ पडायच्या आत खायचं. पुढच्या टेबलावर टॅक्सीवाले, मागे व्यायाम करून आलेल्या बायका. कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे वाडग्यात. त्या अर्ध्या तासासाठी मी हॉटेलचा फुकट नाश्ता कधीही सोडेन.

आता ग्रुपवरचा दुसरा ठरलेला सूर: "पण शाकाहाराचं काय? पार्सल डबे न्यावे लागतील." कुणी सांगितलं? तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी जेवणाची दुकानं गल्लोगल्ली आहेत. बऱ्याच पाट्यांवर डावीकडे वळलेलं स्वस्तिक असतं, लांबून ओळखू येतं. आत बुफे मांडलेला असतो, ताट भरायचं, काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. परंपरा पाळणाऱ्या दुकानांत कांदा-लसूणसुद्धा नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासवाल्या मंडळींचीही सोय. कितीतरी प्रकारची टोफू, मशरूम, हिरव्या भाज्या, कमळाचे देठ. आणि आपली माणसं तिथे जाऊन टूरवाल्यांची पनीरची भाजी खाणार! हो, इतर दुकानांतल्या काही पदार्थांत सुके झिंगे लपलेले असतात, खाऱ्या सोयादुधात तर हमखास, तेवढं विचारून घ्यावं लागतं. बास, एवढीच काळजी.

पावत्यांची गंमत तर मी कितीजणांना सांगितली. साधी पाण्याची बाटली घेतली तरी पावतीवर आठ आकडी नंबर असतो आणि तो लॉटरीचा नंबर असतो. दर विषम महिन्याच्या २५ तारखेला सोडत. हे १९५१ पासून चालू आहे. दुकानदाराने विक्री लपवून कर बुडवू नये म्हणून सरकारने काढलेली युक्ती. गिऱ्हाईकच पावती मागून घेतं, मग लपवणार कसं? सर्वांत मोठं बक्षीस एक कोटी तैवानी डॉलर, आणि शेवटचे तीन आकडे जुळले तरी दोनशे. हल्ली अनेकांच्या पावत्या फोनमध्येच जातात, पण आजींच्या पर्समध्ये कागदी पावत्यांची चळत होती, रबर लावलेली. गाडी यायला उशीर झाला की त्या आणि शेजारीण चळती काढून नंबर बघत बसायच्या. ज्यांना नको त्यांच्यासाठी दुकानात काउंटरजवळ डबा असतो, पावती त्यात टाकली की ती सामाजिक संस्थेला जाते. निघताना माझ्या सगळ्या पावत्या मी अशाच एका डब्यात टाकल्या.

मेट्रोबद्दल एकच सांगते, कारण मैत्रिणीचे आईबाबा साठी-सत्तरीतले आहेत. स्टेशनवर स्वच्छ, फुकट शौचालयं आहेत. गडद निळ्या राखीव जागा गर्दीतही वृद्धांसाठी रिकाम्या ठेवलेल्या दिसतात. आत खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा नाही, दंड दीड हजार तैवानी डॉलरपासून सुरू, म्हणून डबे लख्ख. बसमधून फिरताना "दादा, पुढे कुठे थांबणार?" असं गाइडला अजीजीने विचारावं लागणाऱ्या आपल्या आयांना विचारा, त्या शौचालयांचं सुख किती मोठं असतं ते. यावर पत्रकात एक ओळ नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण बेइतौ आठवलं, तैपेईतला गरम पाण्याच्या झऱ्यांचा भाग. मेट्रोच्या लाल लाइनने जायचं, बेइतौला उतरून छोट्या फाट्यावरच्या गाडीने शिनबेइतौला. गंधकाचा वास स्टेशनबाहेरच येतो. पुढे बागेत लाकडी वाचनालय आहे, २००६ मध्ये बांधलेलं, मोठ्या खिडक्या, बाहेर व्हरांडा, आणि व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचणारे निवांत म्हातारे. तिथून चालत गेलं की फुशिंग पार्कमध्ये पाय शेकायला गरम पाण्याचं टाकं आहे, फुकट. आधी बाजूच्या नळावर पाय धुवायचे, मग काठावर बसून पाय सोडायचे. पाणी चांगलंच गरम असतं, पोटऱ्यांपर्यंत लाल होतात. शेजारचे एक आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी पाय पूर्ण बुडवल्यावर त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. मी घेतला. आम्ही बसून राहिलो. कुणाला कुठे जायचं नव्हतं.

आईबाबांना हे द्या ना. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १०१ च्या लिफ्टच्या रांगेत उभं करण्यापेक्षा हे द्या.

कबूल, सुट्टी मोजकी असते, तिकिटं महाग असतात, आणि सगळ्यांना एकट्याने गल्लीत खोली घेऊन राहणं जमत नाही. जून-जुलैत उकाड्याने जीव जातो, हेही खरं. पाऊस तर वर्षभर कधीही. पण पावसाचीही सोय शहराने केलीय. जुन्या रस्त्यांवर इमारतींचा वरचा मजला फुटपाथवर पुढे आलेला असतो, त्याखालून कोरडं चालता येतं. (त्यात स्कूटर लावून ठेवतात, ते मात्र मला आवडलं नाही.) धो-धो पावसात एकदा आम्ही सगळे त्याच छपराखाली पिशव्या घेऊन उभे होतो. गाडी आली, पण वाजत नव्हती की पावसात ऐकू आली नाही, माहीत नाही. आजींनी सर्वांत आधी बघितली आणि अशी हाक मारली की सगळा कोपरा पळाला. मीही पळाले, त्यांची पिशवी घेऊन.

तर मैत्रिणी, ते पत्रक टूरवाल्यांना परत कर आणि तैपेईचे चार दिवस माग. दिले नाहीत तर दुसरे शोध. खोली मेट्रोच्या लाल लाइनवर बघ, बेइतौ एका गाडीच्या टप्प्यात राहील. गल्ली निवडताना एवढंच बघ की खाली नाश्त्याचं दुकान आहे. काकांना पोहण्याची चड्डी बरोबर द्यायला सांग, बेइतौच्या उघड्यावरच्या सार्वजनिक कुंडात त्याशिवाय सोडत नाहीत. आणि बुधवार-रविवारी कचऱ्याची गाडी येत नाही, तेव्हा गुरुवारी पोचतील असं तिकीट काढ.