तरंगणारा आंबा आणि फुगलेली बाटली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फळं पिकवणं आणि साठवणं या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या परिच्छेदापाशी थबकलो. तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं आहे. पण त्याबद्दल सविस्तर लिहावं लागेल, म्हणून ते शेवटी घेतो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी गॅसने पिकवलेल्या फळांची वकिली करतो. इथिलीन (पिकवणगृहात देतात तो गॅस) काय नि कार्बाइड काय, रसायन ते रसायनच. अशी फळं बेचव निघतात, दोन दिवसांत काळी पडतात, आणि पाण्यात टाकली की तरंगतात, हा तर पुरावाच. वर मी लोकांना कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणतो, पण व्यापारी तीच फळं महिनोन्‌महिने शीतगृहात ठेवतात, त्याचं काय? आणि शेवटचं म्हणजे, मी सांगितल्याप्रमाणे गर उकळून भरलेली तुमची पपईची बाटली तिसऱ्या आठवड्यात फुगली.

पाण्यापासूनच सुरू करतो, कारण तो व्हिडिओ मलाही निदान पाच जणांनी पाठवला आहे. आंबा बुडाला तर नैसर्गिक, तरंगला तर कार्बाइडचा, असं त्यात सांगतात. बादलीचा प्रयोग खराच आहे आणि जुना आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. आंबा झाडावर तयार होत जातो तसा त्याच्या गरात स्टार्च साठत जातो आणि फळ भरतं. पूर्ण भरलेल्या आंब्याची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त होते, म्हणून तो बुडतो. कोवळा काढलेला तरंगतो. म्हणजे ही परीक्षा फळ कधी काढलं याची आहे. नंतर ते कशाने पिकवलं याबद्दल पाणी काहीच सांगत नाही.

मी एकदा एकाच पेटीतले बारा कच्चे आंबे बादलीत सोडून पाहिले होते. नऊ तळाला गेले. दोन देठ वर करून मधेच लोंबकळत राहिले, आणि एक सरळ बुचासारखा तरंगला. त्या तरंगणाऱ्याकडे नीट पाहिलं तर देठाजवळचे खांदे भरलेलेच नव्हते, देठ उतरत्या छपराच्या टोकावर बसवल्यासारखा दिसत होता. सगळ्यांवर खुणा केल्या आणि एकाच खोक्यात, एकाच कागदात ठेवून दिले. सहाव्या दिवशी बाराही पिवळे. बुडालेले कापले तर घमघमाट. तो एक मात्र वरून सुरकुतला होता, आत फिकट, चवीला आंबट म्हणावा तर आंबट नाही आणि गोड म्हणावा तर गोडही नाही. त्याला ना गॅस लागला होता, ना कार्बाइड. झाडाने जे त्याच्यात भरलंच नव्हतं, ते खोकं कुठून भरणार?

तुमच्या 'बेचव' या तक्रारीचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं. लवकर भाव मिळावा म्हणून कोवळं फळ तोडायचं आणि गॅस देऊन रंग आणायचा, हे होतं, सर्रास होतं. गॅसमुळे ती लबाडी झाकता येते हेही मान्य. पण त्यात गुन्हा आहे तो घाईने तोडणाऱ्याचा.

आता रसायनाचं. इथिलीन फळ स्वतः तयार करतं. ही गोष्ट माणसाला कळायला बराच वेळ लागला, आणि ती कथा मला आवडते म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. दिव्यांसाठी नळातून येणारा गॅस गळला की आसपासची झाडं वाकडीतिकडी वाढतात, हे लोक पाहत होते. त्या गॅसमधला नेमका कोणता घटक हे करतो, ते दिमित्री नेल्युबोव याने सेंट पीटर्सबर्गला वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून 1901 साली दाखवलं : इथिलीन. 1910 मध्ये जमैकात कझिन्स नावाच्या अधिकाऱ्याने सूचना दिली की जहाजात संत्री आणि केळी शेजारी ठेवू नका, संत्र्यांतून काहीतरी बाहेर पडतं आणि केळी वाटेतच पिकतात. गंमत अशी की चांगलं संत्रं इथिलीन फारच कमी सोडतं. बहुधा त्या ढिगातल्या संत्र्यांवरच्या बुरशीचा तो प्रताप असावा. शेवटी 1934 मध्ये रिचर्ड गेन याने पिकणारं फळ स्वतःच इथिलीन बाहेर टाकतं हे सिद्ध केलं. गवतात अढी घालणं, कागदात गुंडाळणं, कच्च्या फळांत एक पिकलेलं केळं ठेवणं, या सगळ्याचा अर्थ एकच : फळाचाच गॅस त्याच्याभोवती कोंडून ठेवणं.

पिकवणगृहात तोच गॅस बाहेरून देतात, हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग, एक-दोन दिवस. फळ जागं झालं की पुढचा गॅस ते स्वतःच करतं. अट एवढीच की खोलीत मधूनमधून ताजी हवा खेळवली पाहिजे, कारण फळं श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठला की पिकणं अडतं. हा गॅस पेट घेतो म्हणून कुणी घाबरवलं तर सांगतो, त्यासाठी तो हवेत पावणेतीन टक्क्यांच्या आसपास लागतो, म्हणजे पिकवणगृहातल्यापेक्षा पावणेतीनशे पट.

कार्बाइडची गोष्ट निराळी. त्याला दमट हवा लागली की ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण कित्येक पटींनी दुबळा, म्हणून पुड्या ठासून भराव्या लागतात. शिवाय कारखान्यातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि त्यांपासून विषारी वायू तयार होतात. त्याची बाजू मी लेखात घेतली नव्हती आणि इथेही घेत नाही. पण दोन्हींना एका दावणीला बांधलंत, तर सरळ मार्गाने पिकवणाऱ्याला तसं वागण्याचं कारण काय उरतं?

काळ्या डागांबद्दल. आंब्यावर पिकताना जे काळे, किंचित खोलगट डाग पडतात, ते बहुतेक वेळा करप्याचे असतात. करप्याची बुरशी मोहोराच्या किंवा कोवळ्या फळाच्या काळातच सालीत शिरते आणि गप्प बसते. कच्च्या सालीत तिला दाबून ठेवणारी द्रव्यं असतात. फळ पिकायला लागलं की ती कमी होतात आणि बुरशी डोकं वर काढते. म्हणजे डाग दिसला घरात, पण लागण झाली बागेत, काही महिन्यांपूर्वी. काढणीनंतर फळं 52 अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून काढली तर ती बरीचशी आटोक्यात येते. हे घरी पातेल्यात करू नका, दोन-तीन अंश वर गेलं की सालच भाजते. आणि देठापासून सुरू होऊन खाली पसरणारा काळेपणा हा तिसराच रोग. गॅसचा या दोन्हींशी संबंध इतकाच की त्याने फळं एकदम पिकतात, त्यामुळे डागही एकदम दिसतात.

अननसाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत की आणलेला आठवडाभर ठेवला तरी गोड झाला नाही. होणारच नाही. त्याच्याजवळ साखर करायला स्टार्चचा साठाच नसतो. तोडला तेव्हा जेवढा गोड, तेवढाच. बाहेर ठेवून फक्त साल पिवळी होते.

आता फ्रिज. तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण मी लेखात 'थंडी' असा एकच शब्द वापरला होता. शीतगृह म्हणजे मोठा फ्रिज नव्हे. हिरवी केळी 13 अंशांच्या खाली नेत नाहीत, कच्चा आंबाही साधारण 12-13 वरच ठेवतात. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो. उष्ण प्रदेशातल्या फळाच्या पेशींची पातळ आवरणं त्या थंडीत ताठरतात, गळू लागतात, आणि एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्यं एकमेकांना भेटून काळीतपकिरी होतात. खात्री करायची तर एक हिरवं केळं दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग नखाने साल हलकेच खरवडा. वरच्या हिरव्या पापुद्र्याखाली बारीक तपकिरी रेघा दिसतील. बाहेरच्या केळ्याला खरवडाल तर तिथे पांढुरकं आणि चिकट निघेल. ते फ्रिजमधलं केळं नंतर बाहेर काढून कितीही ठेवा, धड पिवळं होत नाही, राखी पडतं.

पिकलेल्या फळाचं तसं नसतं. पिकलेला आंबा तीन-चार दिवस फ्रिजमध्ये खुशाल ठेवा. पिकलेल्या केळ्याची साल काळी पडेल, आतला गर ठीक राहील. आणि 'महिनोन्‌महिने' हे सफरचंदाला लागू आहे, ते शून्य अंशाजवळ आरामात राहतं, थंड मुलखातलं फळ. आंबा योग्य तापमानातही दोन-तीन आठवड्यांपलीकडे फारसा टिकत नाही. वर्षभर मिळतो तो त्याचा गर.

आणि गराशी आलो म्हणजे माझ्या चुकीशी आलो.

मी लिहिलं होतं : 'कोणत्याही फळाचा गर वीस मिनिटं उकळून गरम असतानाच निर्जंतुक बाटलीत भरावा, वर्षभर टिकतो.' यातला 'कोणत्याही' हा शब्द चुकीचा आहे, आणि चुकीपेक्षा वाईट म्हणजे धोक्याचा आहे. लिहिताना माझ्या डोक्यात अननस होता. अननसाचा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साडेतीनच्या आसपास असतो. पपईचा पाचच्या वर जातो. केळ्याचा साडेचार ते पाच. पिकलेला आंबा बहुतेक वेळा चारच्या आगेमागे, पण फार पिकला की तोही वर सरकतो. जिभेला हा फरक नीट कळत नाही, साखर तो झाकून टाकते.

रेषा आहे 4.6 वर. त्याच्या खाली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू रुजत नाहीत, म्हणून आंबट गराला उकळणं पुरतं. तिथे फक्त यीस्ट, बुरशी आणि फळातली विकरं (एन्झाइम) मारायची असतात. 4.6 च्या वर मात्र हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, मग हवाबंद बाटलीत, स्वयंपाकघराच्या तापमानाला, निवांत वाढतात आणि विष तयार करतात. ते मारायला 121 अंश लागतात, म्हणजे दाबाखालची वाफ, आणि तीही मोजून-मापून. घट्ट झाकण इथे उलट त्यांच्याच फायद्याचं ठरतं, कारण त्यांना हवा नकोच असते.

तुम्ही विचारलंत की चिमूटभर सोडियम बेंझोएट, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ती पूड, घातलं असतं तर वाचलं असतं का. नाही. बेंझोएट काम करतं ते आम्लात, सामू चारच्या खाली असेल तर चांगलं. पपईच्या गरात ते जवळपास नुसतं पडून राहतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या दुसऱ्या परिरक्षकाचंही तसंच, शिवाय दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. परिरक्षक म्हणजे विष असं मी मानत नाही, पण ज्याला आधीच बऱ्यापैकी सुरक्षित केलं आहे त्यालाच ते आधार देतं. लिंबू पिळलं तर? दिशा बरोबर आहे, पण किती पिळायचं ते फळागणिक, घाण्यागणिक बदलतं, आणि मीटरने मोजल्याशिवाय ते सांगणं म्हणजे पुन्हा तीच चूक करणं. जॅम चालतो, कारण तिथे लिंबाच्या आम्लाबरोबर साखर पासष्ट टक्क्यांच्या पुढे जाते आणि जंतूंना प्यायला मोकळं पाणीच उरत नाही. पण तुम्हाला गर हवा आहे.

तेव्हा पपई, केळं, फणस यांचा गर घरी बाटलीत भरू नये. डब्यात भरून उणे 18 अंशांना गोठवावा, वर बोटभर जागा सोडून, कारण पाणी गोठताना फुगतं. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, ते थांबतात. म्हणून एकदा वितळवलेला डबा परत गोठवायचा नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे, त्या जागी सामूचा मजकूर टाकला आहे आणि वर बदलाची तारीख घातली आहे. ज्यांनी आधीच वाचून गर भरला असेल त्यांच्यापर्यंत हे कसं पोहोचवायचं, याचं मात्र समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही. लेखाच्या अगदी माथ्यावर ठळक अक्षरांत सूचना लावली आहे, एवढंच.

तुम्ही लिहिलंत की बाटली अजून ओट्याखाली आहे, वास घेऊन ठरवणार आहात. कृपा करून उघडू नका. फुगली ती बहुतेक यीस्टमुळेच असेल, पण वासावरून ते ठरत नाही, आणि चाखून पाहण्याचा तर विचारही नको. झाकण तसंच ठेवून बाटली दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि मुलं किंवा जनावरं पोहोचणार नाहीत अशा तऱ्हेने टाका. त्याच दिवशी भरलेल्या आणखी बाटल्या असतील तर न फुगलेल्याही तशाच टाका.